नील बेटावर जायचं तर आधी ओहोटीची वेळ बघा

दरवर्षी मे महिन्यात पेपरात पहिल्या पानावर बातमी येते, 'मान्सून अंदमानात दाखल'. आपण पंख्याखाली बसून खूश होतो आणि आता केरळ, मग तळकोकण, असे दिवस मोजायला लागतो. नेमकी त्याच दिवसांत कितीतरी मराठी कुटुंबं अंदमानात बोटीची वाट बघत बसलेली असतात, कारण शाळांना सुट्टी तेव्हाच. 2024 साली ही बातमी 19 मेला आली, 2025 साली 13 मेलाच. म्हणून उन्हाळी सुट्टीत जायचं असेल तर एप्रिलचा शेवटचा आठवडा किंवा मेचे पहिले सात-आठ दिवस धरा. उकाडा भरपूर असतो, पण समुद्र बऱ्यापैकी निवांत आणि पाणी नितळ असतं. परीक्षा आटोपल्या आटोपल्या निघता आलं तर सोन्याहून पिवळं. दिवाळीची सुट्टी दिसायला सोयीची, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे महिने. तेव्हा जायचंच असेल तर हाताशी दोन दिवस जास्त ठेवून जा. नाताळात हवा उत्तम आणि गर्दीही उत्तम, म्हणजे शांत बेट हवं असणाऱ्यांच्या उपयोगाचं नाही. मुलं शाळेत जायच्या वयाची नसतील तर फेब्रुवारी-मार्चसारखे महिने नाहीत.

बेट कोणतं, तर नील. सरकारी नाव शहीद द्वीप. हे नाव 30 डिसेंबर 2018 ला मिळालं. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला त्याला त्या दिवशी 75 वर्षं झाली होती. त्याच दिवशी हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं. नील आणि हॅवलॉक हे दोघेही 1857 चा उठाव चिरडणारे इंग्रज सेनाधिकारी, तेव्हा नावं गेली याचं दुःख कोणाला नाही. जेट्टीवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी मात्र अजून नील-हॅवलॉकच आहे. पोर्ट ब्लेअरचंही सप्टेंबर 2024 पासून श्री विजयपुरम झालं आहे. तिकिटावर कधी हे नाव दिसतं, कधी ते. गोंधळून जाऊ नका.

हॅवलॉक सोडून नील का? हॅवलॉकला हॉटेलं जास्त, डायव्हिंगची दुकानं जास्त, राधानगरसारखा देखणा किनारा आहे, आणि म्हणूनच माणसंही जास्त. नीलची वस्ती तीनेक हजारांची. साठच्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं, आणि त्यांनी भाताची आणि भाजीची शेती उभी केली. पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाणारी बरीचशी भाजी इथलीच. रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने सहज होतो. जेट्टीपासून सगळ्यात लांबचा सीतापूर किनारा पाचेक किलोमीटरवर. गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर, त्यामुळे आजी-आजोबांच्या एका दिवसात पाठ होतात.

बहुतेक टूरवाले नीलला एक रात्र देतात, काही तर सकाळी आणून दुपारी परत नेतात. ही चूक करू नका. बेट शांत असतं ते सकाळी साडेआठच्या आधी आणि दुपारी चारनंतर. एका दिवसासाठी आलेल्यांना नेमक्या मधल्या गर्दीचंच बेट दिसतं. किमान तीन रात्री राहा, चार राहिलात तर आणखी बरं. हॅवलॉक बघायचंच असेल तर नीलहून खाजगी बोटीने साधारण तासाभरावर आहे. पण आठवड्याच्या सहलीत लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन दोन बेटं केली की निम्मी सुट्टी बॅगा भरण्यातच जाते.

आधी विमान, मग बोट, मग खोली

आरक्षणाचा क्रम एवढाच, आणि तो उलटला की सगळं बिघडतं. लोक आधी खोली ठरवतात, आणि मग त्या तारखेची बोट भरलेली निघते.

मुंबई-पुण्याहून जाताना बहुधा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळुरूला विमान बदलावं लागतं. मध्यरात्रीच्या सुमारास निघून सकाळी वीर सावरकर विमानतळावर उतरणारं तिकीट सोयीचं. मात्र त्याच दिवशी पुढे नीलची बोट धरायच्या फंदात पडू नका. विमान दोन तास उशिरा आलं की बोट गेली, आणि बोटवाला विमानासाठी थांबत नाही. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. जेवून मुलांना दुपारी दोन तास झोपवा आणि मग सेल्युलर जेल. सातपैकी आता तीनच इमारती उभ्या आहेत. सावरकर 1911 ते 1921 इथे होते, त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे. आजोबांना जिने चढवणार असाल तर उन्हं उतरल्यावर चढवा. सुट्टीचा वार आणि ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची वेळ आदल्या दिवशी हॉटेलातून फोन करून विचारून घ्या.

बोटी दोन तऱ्हेच्या. सरकारी बोट फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते, स्वस्त असते, दोनेक तास घेते आणि तिच्यात डेकवर उभं राहता येतं. खाजगी बोटी बहुतेक हॅडोच्या जेट्टीवरून सुटतात. त्या तास-दीड तासात पोचतात, वातानुकूलित असतात, पण खिडक्या बंद. दोन जेट्ट्या वेगळ्या आहेत, रिक्षात बसण्यापूर्वी तिकिटावरचं नाव वाचा. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, मूळ ओळखपत्र प्रत्येकाचं हवं, मुलांचंही. तान्ह्या बाळाचंही तिकीट काढावं लागतं, मांडीवर बसणार असलं तरी. सामान विमानतळासारखं तपासलं जातं, तेव्हा एक तास आधी जा. सामानाच्या वजनाची मर्यादा बोटीबोटीत वेगळी असते. विमानाला चाललं म्हणजे बोटीला चालेल असं नाही.

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोटही लागते, हे धरूनच चला. बंद काचांच्या बोटीत जास्त लागते, कारण कान सांगतात बोट हलतेय आणि डोळ्यांना समोर स्थिर भिंत दिसते. जागा निवडता आली तर खालच्या मजल्यावर, मध्यभागी किंवा किंचित मागे घ्या. पुढच्या टोकाला उसळी सगळ्यात जास्त. मोबाइल बंद, नजर बाहेर क्षितिजावर. पोट रिकामं ठेवू नका, पण मिसळही खाऊन जाऊ नका. दोन इडल्या किंवा सुकी पोळी. गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही, ती किमान तासभर आधी पोटात जायला हवी. मुलांना कोणती आणि किती, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. आणि ज्याला खात्रीने लागते त्याचं तिकीट सरळ सरकारी बोटीचं काढा, उघड्या डेकवर निम्मा त्रास वाचतो.

परतीचा नियम एकच आणि त्यात तडजोड नाही: विमानाच्या आदल्या रात्री तुम्ही पोर्ट ब्लेअरला असलं पाहिजे. समुद्र खवळला की बंदरावर बावटा लागतो आणि सगळ्या बोटी एकदम रद्द होतात. बोटीचे पैसे अशा वेळी बहुधा परत मिळतात, विमानाचे मिळत नाहीत.

खोली घेताना समुद्र दिसतो का हे शेवटी विचारा. आधी हे विचारा: रात्री वीज गेली तर जनरेटर चालतो का, आणि त्यावर पंखाच चालतो की एसीसुद्धा? स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं? खोली सोडायची वेळ कोणती? अंदमानात बऱ्याच ठिकाणी ती सकाळी साडेसात-आठची असते, कारण सगळं बोटींच्या वेळेवर बेतलेलं. बारा वाजेपर्यंत लोळणाऱ्या घरांना हा धक्काच असतो.

घड्याळ आपलं, सूर्य त्यांचा

मुंबई 73 रेखांशावर, नील 93 च्या आसपास. वीस रेखांश म्हणजे ऐंशी मिनिटं. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. म्हणून डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि साडेपाचला मिट्ट काळोख. 'दुपारची झोप काढून पाचला बीचवर जाऊ' हा घरचा बेत नीलला आणला की हाती फक्त डास लागतात. पहाटे साडेपाचला उजाडतं, एप्रिल-मेमध्ये त्याच्याही आधी. मुलांना पहिल्याच रात्री साडेआठला झोपवा, दुसऱ्या दिवशी ती आपोआप पाचला उठतील.

आणि आता मुख्य गोष्ट. नीलचा प्रत्येक किनारा भरतीला वेगळा आणि ओहोटीला वेगळा. दिवसाचा बेत पाण्यावरच बसवावा लागतो. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास, आणि दुसऱ्या दिवशी तीच वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, अष्टमीच्या भांगेला बराच कमी. कोकणातली मंडळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे, अंदमानात तसाच लावू नका, तिथली वेळ वेगळी पडते. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक इंटरनेटवर मिळतं. आपल्या तारखांचं आधीच कागदावर उतरवून घ्या, कारण तिथे गेल्यावर नेट चालेलच असं नाही.

समजा सकाळी साडेसहाला ओहोटी आहे. मग याहून चांगला दिवस नाही. पाचला उठून लक्ष्मणपूर दोन नंबरच्या किनाऱ्यावरचा नैसर्गिक पूल, पावणेबाराच्या पुढे भरपूर पाण्यात भरतपूर. दुपारी बाराला ओहोटी असेल तर उलट करा: सकाळी सहा ते आठ भरतपूरला पोहून घ्या, आणि पूल दुसऱ्या दिवसावर ढकला, कारण डोक्यावर ऊन आणि पायाखाली तापलेला खडक यात मजा नाही.

या पुलाला गावात हावडा ब्रिज म्हणतात, बंगाली माणसं म्हटल्यावर आणखी काय म्हणणार. समुद्राने खडक पोखरून केलेली कमान आहे. तिथवर दहा-पंधरा मिनिटं मृत प्रवाळाच्या ओबडधोबड, शेवाळी खडकांवरून चालावं लागतं. रबरी चप्पल घालून गेलात तर पट्टा तुटतो किंवा पाय सटकतो; मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट हवेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वर शहाळ्याच्या दुकानाशी सावलीत बसावं, त्यात कमीपणा नाही. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी पोचा आणि पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात परत निघा. भरतीचं पाणी समोरून लाटेसारखं येत नाही, ते खडकांमधल्या घळींतून मागच्या बाजूने भरत जातं. आलेली वाट गेली हे पाय भिजल्यावरच कळतं.

खरी गंमत कमानीपेक्षा खडकांतल्या डबक्यांत आहे. एक डबकं निवडा, परातीएवढं असलं तरी पुरे. उकिडवे बसा, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूला, आणि तीन-चार मिनिटं बोलू नका. आधी काहीच दिसत नाही. मग शंख चालायला लागतो, कारण आत बसलेला खेकडा धीर करून बाहेर येतो. काळ्या दोरीचा तुकडा वाटतो तो ठिसूळ तारा नावाच्या समुद्री प्राण्याचा हात असतो, खडकाखालून चाचपणारा. काकडीसारखी पडलेली काळी वस्तू म्हणजे समुद्रकाकडी, ती जिवंत असते. स्थानिक वाटाड्या घेतलात तर तो निळ्या-जांभळ्या ओठांचा मोठा शिंपलाही दाखवेल, सावली पडताच मिटणारा. कशालाही हात लावायचा नाही, उचलून फोटो काढायचा नाही, हे मुलांना खडकावर उतरायच्या आधी सांगा. उतरल्यावर कोणी ऐकत नाही.

भरतपूर जेट्टीला लागूनच आहे. पाणी उथळ, लाटा नसल्यासारख्या, त्यामुळे लहान मुलांसाठी हाच किनारा. काचेच्या तळाची बोट इथूनच निघते, पोहता न येणाऱ्या आजीला प्रवाळ दाखवायचा तो हाच मार्ग. ओहोटीला मात्र तळ उघडा पडतो, फुटका प्रवाळ आणि समुद्री गवत. अशा वेळी आलेली माणसं 'हे काय दाखवायला आणलं' म्हणत परत जातात. दुपारी इथे जेट-स्कीचा आवाज असतो, म्हणूनही सकाळ बरी.

लक्ष्मणपूर एक नंबर सूर्यास्तासाठी: लांबच लांब पांढरी वाळू, चारला जाऊन बसा. पाण्यात पाय टाकताना प्रवाळाचे तुकडे लागतात. सीतापूर सूर्योदयासाठी. तिथे लाटांना जोर असतो आणि खडक आहेत, मुलांना पाण्यात सोडायची जागा ती नव्हे. रामनगरला फारसं कोणी जात नाही, एवढं कारण पुरे आहे. कोणत्याही किनाऱ्यावर मगरीच्या सूचनेचा फलक असेल तर तो शोभेचा नाही. खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ अंधारात फिरू नका.

स्नॉर्कलिंगचा मास्क मुलांसाठी घरूनच न्या. भाड्याचे मास्क मोठ्यांच्या मापाचे असतात, आणि गळणाऱ्या मास्कने एकदा नाकात खारं पाणी गेलं की मूल उरलेली सुट्टी वाळूत काढतं. माप बघायचं असं: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडा. तो चिकटून राहिला तर बरोबर, पडला तर दुसरा. मिशीवाल्या बाबांच्या मास्कमध्ये पाणी शिरणारच. ओठावर व्हॅसलीन लावा किंवा मिशी काढा. नव्या मास्कच्या काचेवर आतून कारखान्याचा तेलकट थर असतो, त्याने धुकं धरतं. पांढरी टूथपेस्ट आतून चोळून धुवून टाका, आणि प्रत्येक वेळी पाण्यात जाण्यापूर्वी बेबी शाम्पूचा एक थेंब फिरवून हलकं विसळा. निघण्याआधी महिनाभर जवळच्या पोहण्याच्या तलावात नळीतून श्वास घ्यायची आणि नळीतलं पाणी फुंकून बाहेर टाकायची सवय करून घ्या. लहानग्यांच्या मापाचं लाइफ जॅकेट तिथे मिळेल या भरवशावर राहू नका.

पोहताना भाजते ती पाठ, मान आणि गुडघ्यामागची बाजू. क्रीम धुवून जातं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि पायघोळ तुमान घातली की प्रश्न मिटला. स्कूबासाठी वयाची दहा वर्षं पूर्ण हवीत. दमा, रक्तदाब, कानाचा जुना त्रास फॉर्मवर खरा लिहा. डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नाही, रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुड्यांसारखा बाहेर पडतो. म्हणून स्कूबा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उरका, शेवटी ठेवू नका.

पिशवीत काय

रोकड. चेन्नईहून समुद्राखालून आलेली इंटरनेटची केबल 2020 साली सुरू झाली, ती पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि आणखी सहा बेटांना जोडते. त्या यादीत नील नाही. यूपीआय चालतं, पण बिल द्यायच्या वेळी चालेलच असं नाही, आणि एटीएमवर भिस्त ठेवू नये. सायकल, रिक्षा, शहाळी, जेवण धरून निदान तीन दिवसांचे पैसे पोर्ट ब्लेअरहून काढून न्या, सुटे जास्त.

औषधं. प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, त्यापुढचं काहीही म्हणजे बोटीने पोर्ट ब्लेअर. मुलांचं तापाचं औषध, ओआरएस, उलटीचं, कानाचे थेंब, प्रवाळाने खरचटल्यावर लावायला जंतुनाशक. प्रवाळाची जखम दिसते लहान आणि चिघळते पटकन, कारण आत बारीक कण राहतात. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, ब्रशने हलकं घासायला लागलं तरी घासा.

वाळूतली माशी दिसत नाही, फक्त चावते. ओल्या वाळूवर आडवं पडलात की रात्री घोट्यांवर लाल ठिपके येतात आणि आठवडाभर खाज जात नाही. खोबरेल तेलाचा जाड थर पायांना लावला की ती चिकटते आणि चावू शकत नाही. तेलाची बाटली आपल्याकडे असतेच. वाळूवर चादर अंथरा, खाजवू नका.

जेवणात भात, डाळ, मासे, बंगाली वळणाची भाजी. शाकाहारी माणसाचं चांगलं भागतं, कारण भाजी शेतातून येते. पनीर मागू नका, ते पोर्ट ब्लेअरहून येतं आणि तशा भावाने मिळतं. एक लहान विजेची किटली, दुधाची पावडर, मेतकूट आणि लोणचं एवढं नेलं की लहान मुलांचं आणि पथ्याच्या आजोबांचं रात्रीचं भागतं. स्वयंपाकघर नऊला बंद झालं तरी मऊ भात आधी सांगून ठेवता येतो.

शेवटचं काम जेट्टीवर निघण्याआधीचं. प्रवाळाचा तुकडा बाळगणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, कितीतरी शंख-शिंपलेही त्यात येतात, आणि विमानतळावर एक्स-रेमध्ये ते लगेच ओळखू येतात. मुलांचे खिसे, सँडलची पिशवी, आजीची चंची आणि पाण्याच्या बाटल्या उलट्या करून बघा. बाटलीच्या तळाशी हमखास दोन-तीन निघतात.